बसून बोलू या

मंदाला साडी पुरायची नाही. लांबीला पुरायची कशीबशी, पण पन्ह्याला नाही. तुमची-माझी साडी घोट्यापर्यंत येऊन वर चार बोटं उरते, ती आपण कमरेत खोचतो. मंदाची घोट्याच्या वीतभर वरच थांबायची. मग ती साडी माझ्याकडे यायची. मी देवासला आमच्या कॉलनीत फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते, आमचे हे कारखान्यात होते तेव्हापासून. तिच्या एकूण एक साडीला मीच पट्टी जोडून दिली आहे. नवखी कोणी असती तर तिनं पट्टी खाली, काठाच्या पलीकडे लावली असती आणि बाई ठिगळ लावल्यासारखी दिसली असती. मी वर लावायची, कमरेशी, पदराखाली झाकून जाते तिथे. काठ आपला खाली घोट्यावर.

"वहिनी, कुणाला कळणार नाही ना?" ती दर वेळी विचारायची.

"बयो, तुझ्याकडे बघणाऱ्याला पट्टी दिसणार आहे होय?" मी म्हणायची, आणि ती खुदकन हसायची. तोंडावर बोललेलं तिला चालायचं. मागून कुजबुजलेलं चालायचं नाही.

तिची उंची किती ते मी सांगणार नाही. माप माझ्याजवळ होतं, टेप तर कायम गळ्यात. अख्ख्या देवासनं मला विचारलं असेल. दूधवाला विचारी, भाजीवाली विचारी, ह्यांचे मित्र चहाला आले की बशी खाली ठेवता ठेवता विचारत. मी म्हणे, "शिंप्यानं माप अन् वैद्यानं रोग चारचौघांत सांगू नये." एवढंच सांगते, आमच्या दाराला तिला वाकावं लागे, आणि ती यायची झाली की आम्ही आधी पंखा बंद करत असू.

आत येताना ती हाताचा तळवा चौकटीच्या वरच्या लाकडाला लावायची आणि मग मान खाली घालायची. नव्या माणसाला वाटे, काय बाई संस्कार, घराला नमस्कार करून येते! आत आली की पहिलं काम बसायचं. पलंग, मशीनचं स्टूल, गव्हाची कोठी, जे समोर असेल ते. कोणी उभ्याउभ्या बोलायला लागलं की म्हणायची, "बसून बोलू या का?" आवाज अगदी मऊ. बसली की ती आमच्यातलीच एक होई, जवळजवळ. निदान डोळ्याला डोळा भिडे. पण तेवढ्यात कोणीतरी टपकायचंच. "मंदाताई, जरा उभ्या राहता का? आमच्या जावईबापूंना बघायचंय." नाहीतर शेजारची मालवी बाई, "ओ दीदी, एक मिनट खड़ी हो जाओ नी, छोरी के देखनो है." आणि मंदा उभी राहायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "अगं, नाही म्हण की सटवे!" तर म्हणे, "वहिनी, नाही म्हटलं तर जास्त वेळ थांबतात. उभी राहिले की बघतात अन् जातात."

घराणं मूळचं धारचं. आजोबा संस्थानात कारकून होते म्हणे. त्या मंडळींचा तोरा अजून गेलेला नाही. घरात "आपण यावे, आपण बसावे" चालतं आणि आमच्यासारखी नोकरीसाठी नगरकडून आलेली माणसं त्यांना मनातून उपरीच वाटतात. वडील देवासला कारखान्यात लागले, म्हणून ही दोघं भावंडं इथे वाढली. मंदा मोठी, विनायक धाकटा. त्याला सगळं गाव विनूभिया म्हणतं. मंदा आठवी-नववीपर्यंत चारचौघींसारखी होती, मग जी वाढायला लागली ती थांबेचना. डोक्यातली कसलीशी गाठ असते, त्यानं होतं असं डॉक्टर पुढे म्हणाले. तेव्हा कोण जातंय डॉक्टरकडे! आई म्हणाली, बापाच्या अंगावर गेली आहे. आई लवकर गेली, पुढे वडीलही गेले.

मंदाचं पहिलं प्रदर्शन विनूनं मांडलं, असं लोक म्हणतात. खोटं आहे. पहिलं मांडलं आमच्याच लोकांनी, कांदेपोह्यांच्या वेळी. रतलामचं स्थळ आलं होतं. वडील शहाणे, त्यांनी मुलीला आधीच पाटावर बसवून ठेवलं, पोह्यांच्या बश्या दुसऱ्या कोणी फिरवल्या. बोलणं छान चाललं होतं. मुलगा हसतमुख, मंदाही लाजून का होईना बोलत होती. मग मुलाची आत्या म्हणाली, "मुली, जरा चालून दाखव बरं." चालून दाखव! घोडी आहे का ती? मंदा उभी राहिली. मुलानं मान वर केली, वर केली, आणि त्याच्या हातातली बशी तिरपी होऊन पोहे सतरंजीवर सांडले. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मी तेव्हा नवी लग्न होऊन शेजारी आले होते, चहा गाळत होते. मंदा वाकून सतरंजीवरचे पोहे भरायला लागली. त्यानंतर तिनं स्थळं बघू दिली नाहीत.

मग तिनं बसून करायचं काम शोधलं. वाती. फुलवाती, समईच्या वाती, अधिकातल्या लक्षवाती. तिचे हात मोठे, बोटं माझ्या दुप्पट, पण कापसाचा पेळू घेऊन बसली की बघत राहावं. धार, इंदूर, पार राजगढपर्यंत मराठी घरांत तिच्या वाती जायच्या. वाती वळताना ती गुणगुणे. त्या खोलीत तिच्यापाशी कोणी गेलं तर खालीच बसावं लागे, दुसरी सोयच नव्हती, म्हणून ती खोली तिला आवडायची.

आता विनू. विनूचं टेंट हाउस. शामियाने, गाद्या, भांडी, आणि खुर्च्या तर ढिगानं. त्याला वाईट माणूस म्हणायला माझी जीभ धजत नाही. बहिणीच्या औषधांचं तोच बघायचा, तिच्यासाठी पलंग लांबवून घेतला होता, स्नानघराचं दार उंच करून घेतलं होतं. पण धंदेवाईक माणसाची नजर असते ना, ती कुठे जाईल? एका लग्नात तिला स्वागताला उभं केलं. नऊवारी, नथ, हातात गुलाबपाण्याची दाणी. वऱ्हाड नवरदेवाला सोडून हिच्याबरोबर फोटो काढायला लागलं. झालं! पुढे लोक टेंट ठरवतानाच विचारू लागले, "भिया, वो आपकी सिस्टर भी आएंगी ना?" आणि विनू म्हणे, "आएगी, क्यों नी आएगी." हजारो खुर्च्या भाड्यानं देणारा माणूस, बहिणीला लग्नाच्या गेटवर एक खुर्ची द्यायचा नाही. बसलेली बहीण कोण बघणार?

मी त्याला एकदा फडाफडा बोलले. तो खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, ती घरात बसून असते तेव्हा पण लोक येतातच ना बघायला. मग मानानं तरी येऊ देत. नवी साडी मिळते, गाडीनं जाते-येते." आपलेच दात आणि आपलेच ओठ, मंदाही त्याचीच बाजू घ्यायची.

मग जत्रेतला तंबू. टेकडीखाली नवरात्रात मीना बाजार लागतो, तिथे विनूच्या कोणा दोस्तानं तिच्यासाठी तंबू टाकला. मला कोणी सांगितलं नव्हतं. देवीचं दर्शन घेऊन उतरत होते तर भोंग्यावर ऐकू आलं, "आइए, देखिए, सात फुट की बहनजी!" आत गेले. मंदा लाकडी फळीवर उभी, शेजारी खांबाला भलीमोठी मापाची पट्टी ठोकलेली, आणि लोक तिला खेटून आपापली उंची लावून बघताहेत. ती कोणाकडेच बघत नव्हती, समोर तंबूच्या कनातीवर नजर. मला पाहिलं मात्र, आणि तिचा चेहरा असा पडला की मला वाटलं मीच काही चोरी करताना सापडले. "वहिनी, तुम्ही कशाला आलात?" म्हणाली. "ओळखीचं कोणी नसलं की काही वाटत नाही हो."

मी तिला हात धरून बाहेर आणलं. विनूचा दोस्त मागून ओरडत होता, मी वळून एवढंच म्हटलं, "ये जाके तेरी बहन को खड़ा कर!" रिक्षात तिला पाय मुडपून तिरपं बसावं लागे. त्या दिवशी घरी येईपर्यंत तिनं गुडघे दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

त्या गुडघ्यांचंच पुढे सगळं झालं. मी आणि विनू तिला इंदूरला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्यानं फोटो काढले, उजेडात धरून बघितले आणि स्वच्छ सांगितलं, "इनको खड़ा मत रखिए. घुटने और कूल्हे जवाब दे रहे हैं. ऐसे ही खड़ी रहीं तो एक दिन बैठेंगी और फिर उठेंगी नहीं." विनू रडला तिथे. खरंच रडला. तंबू, गेट, सगळं बंद, अशी शपथ घेतली आणि ती पाळलीही. बाहेर आलो तर दवाखान्यातली दोन पोरं मोबाइल घेऊन उभी: "मैडम, एक फोटो, बस खड़े-खड़े." विनू त्यांच्या अंगावर धावून गेला.

म्हणजे आता मंदा बसणार, असं मला वाटलं. कप्पाळ माझं! भावाच्या तावडीतून सुटली आणि समाजाच्या हाती सापडली.

आमचं मराठी मंडळ आहे. गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी. गणपतीच्या शेवटच्या दिवशी महाप्रसादाची पंगत असते, जमिनीवर, पाटरांगोळीची. आमचे अध्यक्ष पुराणिककाका धारच्या जुन्या घराण्यातले, त्यांचा हट्ट की पंगत म्हणजे मांडी घालून. मंदाला मांडी घालता येत नसे. मग तिचं पान कुठे? तर मागे हात धुवायच्या नळापाशी एक खुर्ची आणि पुढे स्टूल. येणारा-जाणारा हात धुता धुता तिच्याकडे टकामका बघणार. डॉक्टरकडे जायच्या आधीच दोन-तीन वर्षं ती आली, मग यायची बंद झाली. तिच्या वाती मात्र दर वर्षी गणपतीपुढे जळायच्या.

डॉक्टरकडून आल्यावर पुढच्याच गणपतीच्या तोंडावर पुराणिककाका आपणहून मंदाकडे आले. मी तिथेच होते, तिच्या परकराचा घेर धरत होते. काका उभे राहूनच बोलले. "मंदाकिनी, यंदा आपल्या मंडळाची सजीव झांकी आहे. भवानी महाराजांना तलवार देते, तो प्रसंग. भवानी तू व्हायचंस. तंबूत, गेटवर उभं राहणं ही विटंबना झाली. हा मान आहे. साक्षात देवीचं रूप!"

"काका, तिला उभं राहायची बंदी आहे," मी म्हटलं.

"बाई, दोन-दोन मिनिटांचे प्रवेश. पडदा पडला की बसायचंच आहे. आणि जगदंबेच्या कामाला बळ ती देतेच."

तुम्हाला सांगते, हा घोळ फक्त आमचेच लोक घालू शकतात. विनूनं उभं केलं तर तमाशा, आणि आपण उभं केलं तर मान! माझ्या ओठावर आलं होतं. पण मंदा विचार करत होती, बोटात वात तशीच धरून. मग म्हणाली, "काका, बसून बोलू या का?" काका नाइलाजानं पलंगाच्या कडेवर टेकले. ती म्हणाली, "मी होते भवानी. पण शेवटच्या दिवशी पंगतीत माझं पान ओळीत मांडायचं. बायकांच्या ओळीत, मधोमध. मला खाली बसता येत नाही, तर त्या दिवशी सगळ्यांनीच खुर्चीवर बसायचं. टेबल-खुर्च्या विनू देईल."

काका थोडे घुटमळले. मांडीची पंगत मोडायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. पण भवानी हवी होती. "बरं," म्हणाले. "शब्द दिला."

ते गेल्यावर मी कडाकडा भांडले तिच्याशी. एका पंगतीसाठी पाय घालवतेस? तर ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, आजवर उभी राहिले ते दुसऱ्यांना हवं म्हणून. एकदा मला काही हवं आहे म्हणून राहते. मला ओळीत बसून जेवायचंय. उजवीकडे कोणी, डावीकडे कोणी. वाढणाऱ्यानं पुढे जाता जाता वाढलेलं." विनूही भांडला, तिनं त्याचंही ऐकलं नाही. मग काय, हिरवं लुगडं आणलं तिनं, आणि मी पट्टी जोडायला घेतली.

पहिले दिवस ठीक गेले. पडदा उघडे, भोंग्यावर निवेदन होई, मंदा मुकुट घालून तलवार पुढे धरून उभी, पडदा पडे, ती मागे स्टुलावर बसे. मी पडद्यामागे तेल घेऊन बसायची, गुडघे चोळायला. खरं सांगू? दिसायची सुंदर. पहिल्यांदाच कोणी तिला बघून हसत नव्हतं. हात जोडत होते. एकदा मला म्हणाली, "वहिनी, हे लोक माझ्या तोंडाकडे बघताहेत हो."

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी गर्दी उसळली. इंदूरहून, उज्जैनहून लोक आले. रांग पार चौकापर्यंत. कोणीतरी काकांना सुचवलं, पडदा पाडण्यात वेळ जातो, उघडाच ठेवा. काकांनी ठेवला. मी तेव्हा घरी आरतीचं ताट आणायला गेले होते. आले तर मागे जायचा रस्ताच बंद, माणसांची भिंत. समोरून बघते तर मंदा उभीच. तलवार काठीसारखी पायाखालच्या चौरंगावर टेकवली होती. मी ओरडले, "पडदा पाडा!" कोण ऐकतंय? भोंगा, ढोल.

आणि तिचा गुडघा गेला. मला दिसला तो मुडपताना. ती पडली नाही, हळूहळू खाली आली, लुगड्याच्या घोळात, आणि पाय अंगाखाली दुमडून चौरंगावर बसली. तलवार बाजूला घरंगळली. मग एक बाई किंचाळली, "माता बैठ गई! माता बैठ गई रे!" झालं, ढोल दुप्पट वाजायला लागले. लोक पुढे लोटले, नारळ, पैसे, फुलं तिच्या अंगावर पडायला लागली. पुराणिककाकांच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी स्वतः आरती सुरू केली. मंदाचे ओठ हलत होते. लोकांना वाटलं, देवी आशीर्वाद देते आहे. मी तिच्या ओठांकडे बघत होते. ती म्हणत होती, "मला उचला. कोणीतरी मला उचला."

"अरे मेल्यांनो, ती मंदा आहे! पाय मोडलाय तिचा!" मी घसा फोडून ओरडत होते. माझ्या पुढचा माणूस वळून म्हणाला, "माताजी, आरती में शोर मत करो." त्याच्या हातात मोबाइल वर धरलेला.

तिच्यापाशी पहिला पोचला तो विनू. बाजूच्या कनातीखालून शिरला, डोक्यावर प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन. "हटो रे! हटो! बहन है मेरी!" लोकांनी त्याला ओढलं, देवीला शिवतो म्हणून कोणी थोबाडीतही मारली. पण त्यानं चौरंगावर खुर्ची ठेवली, तिच्या काखेत हात घातले आणि टेंटवाल्या दोन पोरांच्या मदतीनं तिला खुर्चीवर बसवलं. तशीच खुर्ची उचलून मागे नेली. पडदा तेव्हा पडला.

दुसऱ्या दिवशी ती इंदूरच्या दवाखान्यात. खुबा मोडला होता, गुडघ्याचंही व्हायचं ते झालं होतं. इकडे पंगत झाली. शब्द दिल्याप्रमाणे टेबल-खुर्च्यांची. विनूच्याच खुर्च्या. बायकांच्या ओळीत मधोमध मंदाचं पानही मांडलं होतं, भोवती रांगोळी, महिरप, पुढे समई, वर फुलं. देवीचा नैवेद्य म्हणून. त्या पानाला हात जोडून मगच लोक आपापल्या जागी बसत होते, असं आमच्या ह्यांनी सांगितलं. मी गेले नव्हते.

काका दवाखान्यात शाल आणि नारळ घेऊन आले. म्हणाले, "मंदाकिनी, लोकांना साक्षात्कार झाला. धन्य केलंस." माझं टाळकं सणकलं. म्हटलं, "काका, साक्षात्कार झाला तो डॉक्टरांना. बघा जा तिचे फोटो. अहो, विनूनं निदान पाटी तरी लावली होती, की माणूस बघायला या. तुम्ही तर तिला माणसांतनंच काढलंत." काका पांढरेफटक पडले. मंदानं माझा हात धरला. "वहिनी, असू दे," आणि त्यांच्याकडे वळून त्याच मऊ आवाजात, "काका, बसा ना. बसून बोलू या." काकांनी इकडेतिकडे बघितलं. खुर्ची होती तिथे. ते म्हणाले, "घाईत आहे गं. पुन्हा येईन." शाल पायथ्याशी ठेवून गेले.

ती पुन्हा उभी राहिली नाही. देवासला घरासमोर लोक येऊ लागले, मातेचं दर्शन द्या म्हणून. बरं, आता ती बसलेलीही त्यांना चालत होती! तेव्हा विनूनं तिला धारला नेऊन ठेवलं, चुलतभावाकडे. तिथेच वाती करते असं कळायचं. तो व्हिडिओ मात्र अजून फिरतो आहे. ब्लाउज टाकायला आलेल्या पोरी मला दाखवतात. खाली सगळ्यांनी हात जोडलेले असतात.

यंदा चैत्रात तिथल्या तिच्या चुलतवहिनीनं चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. धारची बस पकडली. मंदासाठी मोतिया रंगाची साडी घेतली होती आणि सवयीनं रात्री बसून पट्टीही जोडली होती. ती खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होती, गुडघ्यांवर चादर. पाठीला बाक आला होता, केस पांढरे झाले होते. आजूबाजूला खुर्च्यांवर बायका. मी साडी मांडीवर ठेवली तर तिनं उलगडून बघितली, पट्टीवरून अंगठा फिरवला. "वहिनी, आता पट्टी कशाला? बसल्यावर पुरते साडी." मी आपली कैरीची डाळ खाल्ली.

घरात नवी सून आली होती, बदनावरची. आठवडाच झाला होता. भारी चुणचुणीत, अर्धं हिंदी अर्धं मराठी. ओळीनं सगळ्यांना हळदीकुंकू लावत आली, मंदालाही लावलं, ना टाचा उंचावल्या ना काही. भिजवलेले हरभरे ओंजळीत घालताना मात्र म्हणाली, "अय्या आत्या, तुमची ओंजळ किती मोठी! पूरा पातेलं मावेल." बायका हसल्या, मंदाही हसली. आणि माझ्या लक्षात आलं, हिला ठाऊकच नाही. कोणी सांगितलंच नाही हिला. हिच्या लेखी ही गुडघे गेलेली एक आत्या.

मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही देवासच्या ना? मग हे खरं आहे का?" आणि पदराच्या आडून मोबाइल काढून तोच व्हिडिओ माझ्यापुढे धरला. ढोल, किंकाळी, हिरवं लुगडं. "माता सच में बसली होती?"

माझं तोंड उघडलं होतं. सगळं सांगून टाकणार होते, नावानिशी. मंदाचा तो भलामोठा हात माझ्या मनगटावर आला आणि दाबून राहिला.

"बसली होती," मंदा म्हणाली. "मी होते तिथे."

"हाय! मग आत्या, काय म्हणाली माता?"

"काही नाही गं. दमली होती."

सून क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, मग मोबाइल बंद करून पन्ह्याचे पेले आणायला आत गेली. मंदानं हात काढून घेतला. "सांगू नका हं तिला, वहिनी," हळूच म्हणाली.

शेवटची बस गाठायची म्हणून मी निघाले. बायका दारापर्यंत आल्या. जुन्या घरची रीत मंदाच्या हाडातच, पाहुणा निघाला की उठायचं. तिनं खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे टेकले, तोंडावर कळ दिसली. तेवढ्यात सून लगबगीनं आली आणि तिचा खांदा धरला.

"अहो आत्या, काय करता? बसा तुम्ही. उठायचं नाही."

मंदानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी दारातून बघत होते. बसलेलीच होती ती, तरी हातांवरचा जोर काढून घेतला, पाठ मागे टेकली, आणि पुन्हा एकदा नीट बसली.